वार्षिक नियोजन आणि रोजचं टाचण

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचं लिखित रूप)



संयोजकांनी फोनवर विषय दिला तो असा : 'तू म्हणे पुण्यात घरी बसून जिनिव्हाचं काम करतेस. ते काम नेमकं असतं काय, ते पंधरा मिनिटांत सांग. आणि सगळ्यांना कळेल असं सांग.' यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे. पण समोर निम्मे लोक शिक्षक आहेत किंवा शिक्षकांच्या घरातले आहेत, त्यामुळे मला थोडा धीर आहे. कारण माझं काम तुमच्याच कामाचं लांबचं भावंड आहे.

शिक्षणाने मी इंजिनियर. बरीच वर्षं साधं सॉफ्टवेअर लिहिलं. गेली काही वर्षं एका आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी कराराने काम करते. करारामुळे तिचं नाव घेत नाही. ही संस्था देशोदेशीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करते. उदाहरणच घ्यायचं तर लस साठवण्याचा अभ्यासक्रम. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात, हे आता कोविडनंतर सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस गोठली तर ती निकामी होते, हे अनेकांना माहीत नसतं. उष्णतेने लस बिघडते हे पटकन पटतं, थंडीनेही बिघडते हे शिकवावं लागतं. बाटली गोठून पुन्हा वितळली की वरवर बघून ओळखू येईलच असं नाही. ती हलवून, शेजारी मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी बाटली ठेवून, कुणाचा साका किती लवकर खाली बसतो ते बघायची एक चाचणी असते. हे सगळं एखाद्या दूरच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेला, तिच्या भाषेत, तिच्या मोबाईलवर, तिच्या रेंजमध्ये शिकवायचं. हे आमचं काम.

असा एक तासाचा अभ्यासक्रम करायला किती माणसं लागतात? विषयतज्ज्ञ लागतो. पाठाची आखणी करणारी व्यक्ती लागते, तिला आमच्याकडे इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात. चित्रकार, व्हिडिओवाला, आवाज देणारे, भाषांतरकार, तो सगळा माल एका चौकटीत बसवणारी माझ्यासारखी प्रोग्रामर, आणि मंजुरी देणारे दोन-तीन विभाग. हे सगळे पाच शहरांत. या माणसांकडून वेळेवर आणि धड काम कसं करून घ्यायचं, याच्या पद्धती असतात. त्यांनाच व्यवस्थापनाच्या पद्धती म्हणतात. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या क्षेत्रातली जुनी पद्धत पाच पायऱ्यांची. गरज तपासा, आराखडा करा, साहित्य बनवा, वापरा, मूल्यमापन करा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ॲडी' म्हणतात. तिचं मूळ १९७५च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्करासाठी बसवलेल्या प्रशिक्षण पद्धतीत आहे. पद्धत शहाणी आहे. अडचण ती राबवण्यात येते. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीवर जायचं नाही असं धरलं, की ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो विद्यार्थी अगदी शेवटी भेटतो. वर्षभर शिकवायचं आणि मुलांना काही कळलं की नाही ते थेट वार्षिक परीक्षेत बघायचं, तसं.

सॉफ्टवेअरवाल्यांनाही हीच अडचण होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. तिथून 'अजाइल' हा शब्द जगभर गेला. काम लहान तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा वापरणाऱ्याला दाखवा, तो सांगेल तसं पुढचं बदला, हा त्याचा गाभा. यातली सर्वांत चालणारी पद्धत म्हणजे 'स्क्रम'. हा शब्द रग्बीच्या खेळातला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये एका लेखात नव्या वस्तू घडवणाऱ्या गटांना रग्बीची उपमा दिली होती, तिथून तो आला. स्क्रममध्ये एका महिन्याच्या आतला ठरावीक काळ घेतात, त्याला 'स्प्रिंट' म्हणतात. रोज पंधरा मिनिटं सगळे भेटतात. काय करायचं, काय आधी, हे एकच माणूस ठरवतो. स्प्रिंट संपला की काहीतरी वापरण्याजोगं तयार असलं पाहिजे.

बाई, हे ऐकून तुम्हाला 'घटक चाचणी' आठवली असेल तर ते बरोबरच आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी जे २००१ मध्ये लिहून काढलं, ते आपल्या शाळेत घटक चाचणी, तिचा निकाल आणि नंतरची उजळणी या रूपात आधीपासून चालत होतं.

मग अडचण कुठे? अडचण अशी की ही पद्धत एका विशिष्ट प्रकारच्या गटासाठी जन्मली. सात-आठ माणसं, एक खोली, एकच काम, पूर्ण वेळ. आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या ई-लर्निंगच्या गटात यातलं काहीही नसतं. तरी रोजची सभा, भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या, इंग्रजी नावं असं सगळं जसंच्या तसं उचललं जातं. विधी राहतात आणि कारण हरवतं. पद्धत घ्यायची तर तिचं कारण घ्यावं, विधी आपल्या मापाने शिवून घ्यावेत, हे मला आज सांगायचं आहे. आता चार ठिकाणं सांगते, जिथे आम्हाला कापड नव्याने बेतावं लागलं.

पहिलं ठिकाण म्हणजे तज्ज्ञ. सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामर हा गटाचा कणा. आमच्याकडे कणा म्हणजे लशीचा तज्ज्ञ, आणि तो आमच्या गटात नसतोच. त्याची नोकरी दुसरीच असते. तो आज जिनिव्हात असतो, आठवड्याने एखाद्या देशात साथ आली की तिकडे जातो. त्याला रोजच्या पंधरा मिनिटांच्या सभेला बोलावणं म्हणजे वर्गशिक्षकाने शाळा तपासणीच्या दिवशी पालकसभा ठेवण्यासारखं आहे. म्हणून आमची दोन आठवड्यांची आखणी त्याच्या रिकाम्या वेळाभोवती होते. त्याची चाळीस-चाळीस मिनिटं महिनाभर आधी राखून ठेवायची. त्याला साठ पानांचा मजकूर पाठवून 'अभिप्राय द्यावा' असं म्हणायचं नाही. एक पाठ आणि तीन प्रश्न पाठवायचे. हे तापमान बरोबर आहे का? ही कृती याच क्रमाने करायची का? यातलं काय गाळलं तर चालेल? तिसऱ्या प्रश्नाला तज्ज्ञ नेहमी थोडे थबकतात. पण तिथेच अभ्यासक्रम सुटसुटीत होतो.

त्यासोबत एक फळा ठेवला. हा मूळ टोयोटाच्या कारखान्यातला प्रकार. ताइइची ओनो यांनी तिथे 'कानबान' म्हणजे कार्डांची पद्धत रुजवली. आमच्या फळ्यावर रकाने आहेत : लिहिणं, तज्ज्ञाकडे, मंजुरीत, भाषांतरात, चाचणीत, झालं. नियम एकच. तज्ज्ञाच्या रकान्यात एका वेळी दोनच पाठ. तिसरा सरकवायचा असेल तर आधीचा एक बाहेर आला पाहिजे. लेखकांना हात बांधल्यासारखं वाटतं, पण त्याशिवाय त्या एका माणसासमोर आठ पाठ साचतात आणि बाकी आठ जण 'आमचं काम झालं' म्हणत बसतात. फळ्यामुळे काम कुठे अडलंय ते दिसतं. कुणामुळे अडलंय हे ओरडून सांगावं लागत नाही.

दुसरं ठिकाण मंजुरी. स्क्रम म्हणतं की काय करायचं ते एकाने ठरवावं. आमच्याकडे विषयाचा विभाग वेगळा, प्रशिक्षणाचा वेगळा, आणि पैसे देणारा देणगीदार तिसराच. देणगीदाराला दोन वर्षांपूर्वीच्या प्रस्तावात 'बारा पाठ, सहा भाषा' असं लिहून दिलेलं असतं. ते बदलता येत नाही. इथे मला तुमचीच पद्धत उपयोगी पडली. शिक्षक जूनमध्ये वार्षिक नियोजन लिहितात आणि ते मुख्याध्यापकांकडून मंजूर करून घेतात. त्याच्या आत घटक नियोजन. आणि त्याच्याही आत रोजचं टाचण, जे कालच्या वर्गात काय झालं ते बघून आज रात्री लिहायचं. वार्षिक नियोजन आणि टाचण यांचं भांडण होत नाही, कारण दोघांचं काम वेगळं. आम्हीही तेच केलं. बाहेरच्या जगासाठी टप्पे, तारखा, अहवाल तसेच ठेवले. आत दर दोन आठवड्यांनी टाचण बदलायचं स्वातंत्र्य घेतलं. बारा पाठ हे नक्की, पण पाचव्या पाठात काय असेल ते चौथा पाठ परिचारिकांना दाखवल्यावर ठरेल. मंजुरीसाठी तिन्ही विभागांच्या वतीने सही करणारं एक नाव कागदावर लिहून घेतलं. 'पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजू' हा नियम इतरत्र चालत असेल. लशीच्या तापमानाबाबत तो चालत नाही. तिथे सही येईपर्यंत थांबायचं, आणि थांबतोय हे फळ्यावर दिसू द्यायचं.

तिसरं ठिकाण घड्याळ. आपल्याकडे दुपारी १ वाजता जिनिव्हात हिवाळ्यात सकाळचे साडेआठ, नैरोबीत साडेदहा आणि मनिलात दुपारचे साडेतीन. ही वेळ बरी. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, आपली जात नाहीत, मग पुन्हा जुळवाजुळव. त्यात न्यूयॉर्कचा एक सहकारी आला की संपलं. आपल्या दुपारी १ ला त्याचे रात्रीचे अडीच. कैरोतली मंडळी शुक्रवार-शनिवार सुटी घेतात आणि रविवारी कामावर असतात. म्हणजे सगळ्यांचे सामाईक दिवस आठवड्यातून चारच.

रोजची सभा आम्ही बंद केली. तिच्या जागी प्रत्येकाने आपल्या दिवसाच्या शेवटी तीन ओळी लिहायच्या. काय झालं, उद्या काय, कुठे अडलंय. मनिलाची मैत्रीण लिहून झोपते, नैरोबीचा सकाळी वाचतो. तोंडी इंग्रजी अडखळणाऱ्यांना लिहिणं सोपं जातं, हा आणखी एक फायदा. सभेत जे बोलत नव्हते ते लिहायला लागले. कामाचा आढावा घेतानाही तेच. काही ठिकाणी वरिष्ठांसमोर 'हे चुकतंय' म्हणणं असभ्य मानतात. आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे? म्हणून आधी सगळ्यांनी नाव न घालता लिहायचं, मग त्या चिठ्ठ्यांवर बोलायचं.

महिन्यातून एकदा मात्र सगळे भेटतो. आपले संध्याकाळचे ७ म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे साडेआठ, आणि मनिलात रात्रीचे साडेनऊ. तिथल्या सहकाऱ्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत. प्रत्येक वेळी तिनेच रात्री बसायचं का? म्हणून एक महिना ही वेळ, पुढचा महिना दुपारची, आणि तेव्हा न्यूयॉर्कने ध्वनिमुद्रण ऐकायचं. गैरसोय टळत नाही, ती वाटून घेता येते. ज्या गटात ती कायम एकाच बाजूला पडते, तिथून हळूहळू माणसं गळतात, आणि बहुधा त्या बायका असतात. हे कुठल्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगते.

चौथं ठिकाण भाषा. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. इंग्रजी वाक्य फ्रेंचमध्ये नेलं की लांबतं, मग ते बटणात मावत नाही. अरबी उजवीकडून डावीकडे, म्हणजे 'पुढे'चा बाण उलटा, पाठाची प्रगती दाखवणारी पट्टी उलटी, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच. देवनागरीचं तर आपल्याला माहीतच आहे. ओळींत जागा कमी ठेवली की वेलांटीची टोकं आणि रफार कापले जातात. म्हणून चित्राच्या आत अक्षरं लिहायची नाहीत, हा आमचा कडक नियम. आणि भाषांतर शेवटी एकदम पाठवायचं नाही. आधी शंभरेक महत्त्वाच्या शब्दांची यादी सहाही भाषांत पक्की करायची, मग एकेक पाठ. मात्र परिचारिकांनी तो पाठ वापरून पाहिल्याशिवाय भाषांतराच्या रकान्यात न्यायचा नाही.

याचं कारण एका प्रसंगातून सांगते. लस साठवणीच्या पाठात चित्रकाराने शीतपेटीचं कच्चं चित्र काढलं. उभा फ्रिज, समोर दार, आपल्या स्वयंपाकघरात असतो तसा. तज्ज्ञाने मजकूर तपासला, तो बरोबर होता. आम्ही ते कच्चं रूप पाच परिचारिकांना दाखवलं. आमचा शिरस्ता असा की त्या बघत असताना आपण काही बोलायचं नाही. एक जण बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'आमचा तर वरून उघडतो.' खरंच होतं. बऱ्याच आरोग्य केंद्रांत आडवी, वरून झाकण उघडणारी पेटी असते. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही तशीच असते, तिला आयएलआर म्हणतात. आणि हा फरक दिसण्यापुरता नाही. त्या पेटीत तळाशी सर्वांत जास्त थंडी असते. गोठून बिघडणारी लस तळाशी ठेवायची नाही, वरच्या टोपलीत ठेवायची. उभ्या फ्रिजचं चित्र पाहून हे कुणाला कळणार? चित्र बदलायला अर्धा दिवस लागला. सहा भाषांत आवाज भरून झाल्यावर हे कळलं असतं तर कित्येक आठवडे गेले असते, किंवा कुणी बदललंच नसतं. त्या एका वाक्यासाठी ही सगळी पद्धत आहे असं मला वाटतं.

म्हणून 'झालं' या शब्दाची व्याख्या आम्ही लिहून ठेवली आहे. मजकूर मंजूर, परिचारिकांनी वापरलेला, व्हिडिओला सबटायटल असलेला, दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला वाचता येणारा, जुन्या मोबाईलवर आणि मंद नेटवर उघडणारा, आणि मध्येच रेंज गेली तरी जिथे थांबलो तिथून पुढे सुरू होणारा. शेवटची अट वाटते तितकी सोपी नाही. अनेक संस्थांमध्ये अजून २००१ सालचं स्कॉर्म १.२ हे मानक वापरतात. त्यात विद्यार्थी कुठवर आला याची नोंद ठेवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते. पाठ लांबला की नोंद मावत नाही, आणि बिचारी परिचारिका पुन्हा पहिल्या पानावर. लहान पाठ करण्यामागे शिक्षणशास्त्र तर आहेच, पण हे असंही एक घरगुती कारण आहे.

तुम्ही म्हणाल, वेळ लागला तर लागू द्या, चांगलं करा. पण काही कामांना मुहूर्त असतो. एप्रिल २०१६ चं उदाहरण घ्या. त्या कामात मी नव्हते, पण आमच्या क्षेत्रात त्याचा दाखला द्यावा असं ते काम आहे. पोलिओच्या तीन प्रकारच्या विषाणूंपैकी दुसरा प्रकार जगातून गेला होता. त्याचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९९९ मध्ये आपल्या देशात, अलीगढला सापडला होता. म्हणून तिन्ही प्रकारांची तोंडावाटे द्यायची लस थांबवून दोन प्रकारांची आणायची ठरली. १७ एप्रिल ते १ मे या दोन आठवड्यांत १५५ देशांनी आणि प्रदेशांनी एकत्र बदल केला. भारताचा दिवस होता २५ एप्रिल. सगळ्यांनी एकत्रच करायला हवं होतं, कारण कुठे जुनी लस चालू राहिली असती तर लशीतलाच दुसऱ्या प्रकारचा विषाणू तिथून पसरण्याचा धोका होता. अशा वेळी २६ एप्रिलला पोचलेलं उत्तम प्रशिक्षण काय कामाचं?

लग्नाचा मुहूर्त हलत नाही, मग आपण पंगतीतला एखादा पदार्थ कमी करतो. वरण-भात मात्र कमी करत नाही. तसंच इथे. तारीख पक्की असेल तर आधी ठरवायचं की वरण-भात कोणता. जुन्या बाटल्या ओळखणं, बाहेर काढणं, नष्ट करणं आणि नवी लस वापरणं, एवढं मोबाईलवर एका पानात बसलं पाहिजे. सुंदर व्हिडिओ हा जिलेबीचा भाग. मिळाला तर आनंदच.

शेवटी मूल्यमापन. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. आवडलं का, समजलं का, कामात वापरलं का, आणि त्यामुळे काही बदललं का. आमचे अहवाल बहुतेक वेळा 'इतक्या जणांनी प्रमाणपत्र मिळवलं' इथे थांबतात. मोजायला सोपं ते मोजलं जातं. त्या परिचारिकेने दुसऱ्या दिवशी टोपली वर ठेवली का, हे बघायला कुणीतरी तिथे जावं लागतं. तेवढे पैसे आणि तेवढे दिवस पहिल्या प्रस्तावातच मागून ठेवावेत यासाठी मी दर वेळी भांडते. निम्म्या वेळा मिळतात.

आता तुमच्याकडे वळते. आपल्यातले कितीतरी जण आज प्रशिक्षण देतात. २०१७ पासून 'दीक्षा'वर शिक्षकांसाठी साहित्य येतंय, तुमच्यापैकी काहींनी त्यासाठी व्हिडिओही केले असतील. कुणी कारखान्यात सुरक्षेचं प्रशिक्षण देतो, कुणी बँकेत, कुणी अंगणवाडी ताईंना. तुम्हाला स्क्रम, स्प्रिंट हे शब्द लागणार नाहीत. एवढंच करा. पहिला पाठ कच्चा असतानाच पाच जणांना दाखवा आणि आपण गप्प बसा. ज्याच्याकडे सर्वांत कमी वेळ आहे त्याच्या वेळाभोवती आखणी करा. आणि तारीख हलणार नसेल तर काय गाळायचं ते पहिल्या दिवशी ठरवा, शेवटच्या रात्री नको.

बाई, सर, आमच्या वर्गात एखादं गणित निम्म्या मुलांना जमलं नाही, की दुसऱ्या दिवशी टाचणातलं पुढचं प्रकरण बाजूला ठेवून तुम्ही तेच गणित वेगळ्या तऱ्हेने पुन्हा मांडायचात. वार्षिक नियोजन मागे पडायचं, आणि ते कसं भरून काढायचं ही काळजी तुमची असायची, आमची नाही. या पद्धतीचे वर्ग मी पैसे भरून केले आहेत, प्रमाणपत्रंही आहेत. पण तिचा पहिला धडा आम्हा सगळ्यांना इथे फुकट मिळाला, तोही मराठीत.

एवढं बोलून मी थांबते. जेवणाची वेळ झाली आहे, आणि हा मुहूर्तही हलणारा नाही.